विषारी वायूंचे कमी ऊर्जेवर चालणारे घन-अवस्था सेन्सर : अडचण वायू पकडण्यात आहे की सोडण्यात?

उष्णपट्टिका

एमक्यू जातीचा (बाजारात सहज मिळणारा, स्वस्त) नेहमीचा वायू-सेन्सर ब्रेडबोर्डवर, म्हणजे जोडणी करून पाहण्याच्या पाटीवर, लावून पाच व्होल्ट दिले आणि काही मिनिटांनी त्याच्या जाळीदार टोपीला बोट लावले, तर ती चांगली ऊन लागते. ती ऊब हीच माझी अडचण आहे. आतल्या हीटरचा रोध सुमारे ३३ ओहम असल्यामुळे तो दीडशे मिलिअँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे पाऊण वॅट नुसता तापण्यात जातो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये असते तशा सीआर २०३२ या बटण-सेलमध्ये सुमारे ६७५ मिलिवॅट-तास ऊर्जा असते. एवढा प्रवाह तो सेल मुळात देऊच शकत नाही, पण देऊ शकला असता तरी तासाच्या आत संपला असता. मला मात्र असा सेन्सर हवा आहे, जो भिंतीवर चिकटवून वर्ष-दोन वर्षे विसरून जाता येईल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अर्धवाहकाच्या पृष्ठभागाला वायू चिकटला की त्याची विद्युतवाहकता बदलते, हे ब्रॅटन आणि बार्डीन यांनी १९५३ मध्ये जर्मेनियमवर दाखवले होते. १९६२ मध्ये तेत्सुरो सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा वायू ओळखण्यासाठी उपयोग करून दाखवला, आणि त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. आजही बाजारातले बहुसंख्य स्वस्त सेन्सर याच टिन ऑक्साइडवर चालतात. हवेतला ऑक्सिजन टिन ऑक्साइडच्या कणांना चिकटताना त्यांच्यातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे प्रत्येक कणाच्या कडेला इलेक्ट्रॉनांचा तुटवडा असलेला थर तयार होतो आणि एका कणातून दुसऱ्या कणात जाणे इलेक्ट्रॉनांना अवघड होते. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, इलेक्ट्रॉन परत कणात येतात आणि रोध उतरतो. नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच इलेक्ट्रॉन ओढत असल्यामुळे त्याच्या बाबतीत रोध उलट वाढतो.

एवढ्या सगळ्याला २०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान का लागते, याचे पुस्तकी उत्तर ‘अभिक्रियेला वेग यावा म्हणून’ असे असते. ते खरे असले तरी अर्धे आहे, असे माझे मत झाले आहे. चिकटलेला रेणू सुटायला सरासरी किती वेळ लागतो, याचा ढोबळ अंदाज एका घातांकी सूत्राने येतो : १० चा उणे १३ वा घात इतके सेकंद, गुणिले ई (गणितातला स्थिरांक, सुमारे २.७१८) चा घात, आणि त्या घातांकात बंधाची ऊर्जा भागिले तापमानाची ऊर्जा. बंध ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) असेल, तर २७ अंशांना हा काळ सुमारे तीन सेकंद येतो. बंध १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झाला की तोच काळ पावणेदोन तासांवर जातो. १.२ ला तो साडेपाच महिने होतो. आणि १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा तोच रेणू ३०० अंशांना मायक्रोसेकंदांच्या हिशेबात, म्हणजे साठेक मायक्रोसेकंदांत सुटतो.

हे आकडे वहीत मांडल्यावर मला पहिल्यांदा उलगडा झाला की हीटर जितका ओळखण्यासाठी असतो, तितकाच, किंबहुना त्याहून जास्त, पाटी पुसण्यासाठी असतो. साध्या तापमानाला वायू ओळखणारे पदार्थ अनेक आहेत. ज्या पदार्थाची पकड घट्ट असते तो वायू छान ओळखतो, पण सोडत नाही, आणि ज्याची पकड सैल असते तो सोडतो, पण त्याला दशलक्ष भागांतले एक-दोन भाग जाणवतच नाहीत. म्हणून ‘शून्य ऊर्जेवर चालणारा सेन्सर’ असे कुणी म्हटले की मी हल्ली आधी विचारतो की तो परत शून्यावर कसा आणि किती वेळात येतो. या बाजूने कुणी काम केले असल्यास मते हवी आहेत.

नवशिकी

लेख आवडला. दोन प्रश्न विचारते, बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचे विद्युत-रासायनिक सेन्सर तर हीटरशिवाय चालतात आणि वर्षानुवर्षे बॅटरीवर असतात. मग टिन ऑक्साइडचा हट्ट कशासाठी? आणि हीटर सतत चालू ठेवण्याऐवजी मिनिटाला एकदाच क्षणभर चालू केला तर काय बिघडते?

रसायनवेडा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. विद्युत-रासायनिक सेन्सरमध्ये वायू इलेक्ट्रोडवर जळतो आणि त्याचाच प्रवाह आपण मोजतो, म्हणून त्याला बाहेरून जवळजवळ काहीच ऊर्जा द्यावी लागत नाही. ऊर्जेच्या बाबतीत तो आजही सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. परंतु त्यात बहुधा सल्फ्युरिक आम्लासारखा द्रव असतो. कोरड्या हवेत तो आटतो, दमट हवेत पाणी पिऊन फुगतो, आणि काही वर्षांनी सेन्सर बदलावाच लागतो. शिवाय द्रवाची कुपी एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाही, आणि चिप ज्या भट्टीत, ज्या पद्धतीने हजारोंनी तयार होतात, त्या पद्धतीत ती बसत नाही. घन-अवस्थेचा हट्ट तिथून येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उष्णपट्टिका यांचे म्हणणे मला पटते, आणि त्याला इतिहासातली दोन उदाहरणे जोडतो. २००० मध्ये कार्बन नॅनोनळीवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीवर) साध्या तापमानाला नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया ओळखून दाखवले गेले, तेव्हा मोठाच गाजावाजा झाला. वायू आल्यावर रोध सेकंदांत बदलत होता, परंतु वायू काढून घेतल्यावर नळीला मूळ स्थितीवर यायला साध्या तापमानाला कित्येक तास लागत होते. २००७ मध्ये ग्राफीनवर (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पापुद्र्यावर) नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू चिकटताना आणि सुटताना दिसल्याचे प्रसिद्ध झाले. तिथेही प्रयोगानंतर नमुना १५० अंशांना तापवून साफ करावा लागत होता. मथळ्यात ‘साध्या तापमानाला’ असते आणि तापवण्याची गोष्ट आत कुठेतरी एका ओळीत असते.

याउलट पॉलिअनिलीन (वीज वाहणारे बहुलक, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ) आणि अमोनिया ही जोडी पाहा. अमोनिया या बहुलकातला प्रोटॉन काढून घेतो आणि रोध वाढतो. अमोनिया गेला की प्रोटॉन परत येतो. हा व्यवहार साध्या तापमानाला बऱ्यापैकी दोन्ही दिशांनी चालतो, कारण तो आम्ल आणि अल्कली यांच्यातला सौम्य व्यवहार आहे. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते : पॉलिअनिलीन ओलाव्यालाही तितकेच भुलते आणि काही महिन्यांत म्हातारे होते.

परिमाण

नवशिकी यांच्या दुसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

एमक्यू जातीच्या सेन्सरमध्ये सिरॅमिकची आख्खी नळी तापवावी लागते, त्यामुळे तो क्षणभर चालू करून भागत नाही. नळी तापायलाच कित्येक सेकंद जातात आणि रोध स्थिर व्हायला त्याहून पुष्कळ जास्त. नवा सेन्सर तर एक-दोन दिवस सलग तापवत ठेवल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. सूक्ष्म तापपट्टीची गोष्ट वेगळी आहे. सिलिकॉन हा उष्णतेचा उत्तम वाहक आहे, सिलिकॉन डायऑक्साइडच्या जवळपास शंभरपट, म्हणून चिपमधला सिलिकॉन खालून कोरून काढतात आणि साधारण एक मायक्रॉन जाडीचा ऑक्साइड-नायट्राइडचा पडदा तेवढा शिल्लक ठेवतात. त्या पडद्यावर प्लॅटिनमचा नागमोडी हीटर आणि त्यावर टिन ऑक्साइड असते. असा पडदा काही मिलिसेकंदांत ३०० अंशांवर जातो आणि तितक्याच चटकन निवतो. सतत चालवला तरी त्याला दोन आकडी मिलिवॅट पुरतात.

समजा ३० मिलिवॅट दर मिनिटाला फक्त एक दशांश सेकंद दिले. एका मोजणीला ३ मिलिजूल लागले, म्हणजे सरासरी ५० मायक्रोवॅट. बटण-सेलमध्ये २४३० जूल असतात, तेव्हा निव्वळ हीटरच्या हिशेबाने तो दीड वर्ष पुरेल. कागदावर प्रश्न सुटला. प्रत्यक्षात एक दशांश सेकंदात पडदा तापतो, पण पृष्ठभागावरचे रसायन समतोलाला पोचलेले नसते. मधल्या एकोणसाठ सेकंदांत थंड पृष्ठभागावर पाणी आणि इतर जे काही येऊन बसले असेल, ते त्या क्षणी एकदम उठते, आणि रोधाचा जो आकडा मिळतो तो सतत तापलेल्या सेन्सरच्या आकड्याशी जुळत नाही. त्यामुळे अंशांकन, म्हणजे कोणता रोध किती वायूचा हे ठरवणे, त्याच स्पंद-पद्धतीने (क्षणभर तापवून), त्याच अंतराने करावे लागते. सतत तापवून तयार केलेला तक्ता स्पंद-पद्धतीच्या सेन्सरला लावणे ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तीन आठवड्यांची मोजणी त्यामुळे वाया गेली आहे.

अतिनील प्रकाशाबद्दलही लिहिण्यासारखे आहे. झिंक ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, त्यामुळे ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की त्यात मोकळे इलेक्ट्रॉन आणि छिद्रे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) निर्माण होतात आणि चिकटलेले रेणू साध्या तापमानालाही सुटू लागतात. म्हणजे उष्णतेचे पुसण्याचे काम प्रकाश करतो. कल्पना सुंदर आहे. मात्र साधा अतिनील एलईडी ५ मिलिअँपिअरवर साडेतीन व्होल्ट घेतो, म्हणजे साडेसतरा मिलिवॅट झाले. हीटर काढून दिवा लावला, एवढाच त्याचा अर्थ. ‘साध्या तापमानाचा सेन्सर’ म्हणून मिरवणाऱ्या लेखांमध्ये हा दिवा हिशेबात धरलेला नसतो, याची मला नेहमी गंमत वाटते. एलईडीच सूक्ष्म आकाराचा करून त्याच्या अंगावर थेट ऑक्साइड बसवले, तर मात्र आकडा मायक्रोवॅटपर्यंत खाली येतो, आणि त्या दिशेने झालेले काम खरोखर आश्वासक आहे.

जुना फिटर

तुमच्याइतके रसायन मला येत नाही, परंतु वायूच्या टाक्यांच्या आणि गटारांच्या कामात आयुष्य गेले आहे, म्हणून एक गोष्ट विचारतो. मिनिटाला एकदा मोजायचे, हे कोणत्या वायूसाठी ठरवले?

कार्बन मोनॉक्साइड रक्तात साचत जातो. घरगुती गजरांसाठीचे एक प्रमाण असे आहे की ७० पीपीएमला (हवेच्या दशलक्ष भागांत ७० भाग) एक ते चार तासांत, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत आणि ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत गजर व्हावा. तिथे मिनिटाला एक मोजणी पुरेशी आहे, आणि कमी तीव्रतेला फार लवकर ओरडणारा गजर तर लोक काढूनच टाकतात. हायड्रोजन सल्फाइड तसा नाही. १०० पीपीएमला तो जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो, आणि त्याच सुमारास नाक बधिर होऊन सडक्या अंड्यांचा वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आणखी आत उतरतो. हजाराच्या आसपास तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. अशा ठिकाणी एकोणसाठ सेकंद झोपलेला सेन्सर काय कामाचा?

दुसरी गोष्ट अनुभवाची. एकदा सेन्सरच्या डब्यात पाणी शिरू नये म्हणून आमच्यातल्या एकाने कडेने सिलिकॉनचा लेप मोठ्या काळजीने भरला. लेप वाळेपर्यंत त्याची वाफ आतच कोंडली आणि सेन्सरवर वाळूसारखा थर बसला. दिवा हिरवा, आकडा शून्य, सगळे व्यवस्थित. महिन्याच्या तपासणीत नमुना-वायू सोडला तेव्हा आकडा जागचा हलला नाही. मधले तीन आठवडे माणसे त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर खाली उतरत होती. ऊर्जा किती वाचली यापेक्षा, मेलेला सेन्सर मेल्याचे सांगतो का, हे आम्ही आधी विचारतो.

नवशिकी

फिटरकाका, अंगावर काटा आला.

उष्णपट्टिका, एक विचार मनात आला तो लिहिते. जो पदार्थ वायू सोडत नाही, त्याच्या रोधाकडे न पाहता तो रोध किती वेगाने बदलतो आहे, तेवढेच पाहिले तर चालणार नाही का? पाऊस मोजताना भांडे प्रत्येक थेंबागणिक रिकामे करावे लागत नाही. पाणी किती वेगाने चढते ते पाहिले की पुरते.

उष्णपट्टिका

नवशिकी, तुम्ही स्वतःला बाळबोध म्हणवून घेऊ नका. गेले दोन आठवडे मी याच कल्पनेभोवती घुटमळत होतो, पण भांड्याची उपमा सुचली नव्हती.

पृष्ठभाग बराचसा रिकामा असताना दर सेकंदाला किती रेणू चिकटतात हे हवेतल्या तीव्रतेच्या प्रमाणात असते, म्हणून रोधाचा चढ, म्हणजे तो वर किंवा खाली बदलण्याचा वेग, हाच तीव्रतेचा आकडा होतो. घट्ट पकड, जी आतापर्यंत दोष होती, ती इथे गुण ठरते. भांडे भरत आले की मात्र चढ मंदावतो, म्हणून अधूनमधून तापवून ते रिकामे करायचे. हिशेब असा बसतो : १ मेगाओहमच्या थरावर अर्धा व्होल्ट ठेवला तर सतत मोजायला पाव मायक्रोवॅट लागतो. दर सहा तासांनी दहा सेकंद ३० मिलिवॅट दिले तर ०.३ जूल खर्च होतात, त्याची सरासरी १४ मायक्रोवॅट. झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरचे तीनेक मायक्रोवॅट धरले तरी एकूण वीसच्या आत राहते, आणि वीस धरल्यास बटण-सेल पावणेचार वर्षांहून जास्त पुरतो. संदेश पाठवणारा रेडिओ यात धरलेला नाही; तो फक्त गजराच्या वेळी आणि दिवसातून एकदा हजेरीपुरता जागा होईल.

फिटरकाकांच्या पहिल्या प्रश्नालाही यात काहीसे उत्तर आहे, कारण या पद्धतीत सेन्सर झोपत नाही. हीटर झोपतो, थर जागा असतो. हायड्रोजन सल्फाइडसाठी टिन ऑक्साइडवर कॉपर ऑक्साइडचे कण बसवलेला थर फार सोयीचा आहे. कॉपर ऑक्साइड आणि टिन ऑक्साइड यांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांना मोठी भिंत असते. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर ऑक्साइडचे कॉपर सल्फाइड होते, ते धातूसारखे वाहक असल्यामुळे भिंत पडते आणि रोध अनेक पटींनी कोसळतो. हवेत तापवले की सल्फाइडचे पुन्हा ऑक्साइड होते.

ही युक्ती कार्बन मोनॉक्साइडला लागू पडत नाही, हेही सांगून टाकतो. साध्या तापमानाला टिन ऑक्साइडवर तो जळतच नाही, मग चढ कुठून येणार? मासाताके हारुता यांनी ऐंशीच्या दशकात सोन्याचे अतिसूक्ष्म कण ऑक्साइडवर बसवून कार्बन मोनॉक्साइड शून्य अंशाखालीही जळतो हे दाखवले होते, त्यामुळे तो रस्ता बंद नाही. तूर्त मात्र त्या वायूसाठी मी परिमाण यांची स्पंद-पद्धतच वापरेन. तो सावकाश मारणारा वायू असल्यामुळे ती तिथे शोभतेही.

रसायनवेडा

भांड्याची उपमा चांगली आहे, पण त्या भांड्यात पाऊस एकटाच पडत नाही. साध्या तापमानाला ऑक्साइडचा पृष्ठभाग पाण्याच्या रेणूंनी झाकलेला असतो. त्यातले सैल पाणी शंभर-दीडशे अंशांना जाते, परंतु हायड्रॉक्सिल गट (पृष्ठभागाला घट्ट बसलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) त्याहून बऱ्याच वर गेल्याशिवाय हलत नाहीत. तुम्ही दहा सेकंद तापवून थर साफ केला की पुढची काही मिनिटे त्यावर हवेतली वाफच भराभर बसणार, आणि तुमच्या मोजणीत तो मोठा चढ म्हणून दिसणार. दमट दिवशी प्रत्येक सफाईनंतर खोटा गजर होईल. आर्द्रतेचा वेगळा सेन्सर बसवून वजाबाकी करता येते, हे मला ठाऊक आहे, पण त्या वजाबाकीवर मी जीव टांगणार नाही.

परिमाण

वजाबाकीपेक्षा जुळी पट्टी बरी. एकाच चिपवर दोन थर घ्यावेत, एकावर कॉपर ऑक्साइड, दुसरा नुसता टिन ऑक्साइडचा, आणि दोन्ही एकाच वेळी तापवावेत. पाणी दोघांवर जवळपास सारखे बसेल, हायड्रोजन सल्फाइड मात्र एकाचीच भिंत पाडेल. दोन्ही रोधांचे गुणोत्तर पाहिले की तापमानाचा बराचसा परिणामही आपोआप निघून जातो. हीटरचा खर्च दुप्पट होईल. १४ च्या जागी २८ मायक्रोवॅट. सगळे मिळून सेल दोन वर्षांच्या पुढे जाईल.

उष्णपट्टिका

रसायनवेडा, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि काल रात्री तो समोर दिसलाही. एकेरी पट्टी ३०० अंशांना दहा सेकंद तापवून बंद केली आणि रोध टिपत बसलो. पहिली चार-पाच मिनिटे रोध असा घसरला, की खोलीत हायड्रोजन सल्फाइडची बाटली फुटली आहे असे वाटावे. नंतर तो हळूहळू सपाट झाला. सफाईनंतरची दहा मिनिटे जुळ्या पट्टीच्या गुणोत्तराखेरीज काहीही ग्राह्य धरायचे नाही, आणि दोन जोड्या घेऊन त्यांची सफाई तीन-तीन तासांच्या अंतराने आळीपाळीने करायची, असे ठरवतो आहे. म्हणजे एक जोडी ओली होत असताना दुसरी स्थिर असेल. हीटरचा खर्च यामुळे ५६ मायक्रोवॅटवर जातो, तेव्हा बटण-सेल सोडून दोन पेन्सिल-सेलवर यावे लागेल. त्याला माझी तयारी आहे.

फिटरकाकांचा दुसरा प्रश्न मात्र या सफाईतच सुटतो आहे असे दिसते. तापताना निरोगी थराचा रोध आधी झपाट्याने पडतो, मग पाणी उडून ऑक्सिजन बसू लागला की पुन्हा चढतो; वक्राला स्पष्ट खळगा येतो. एका जुन्या पट्टीजवळ मी मुद्दाम दोन दिवस सिलिकॉनचा ओला लेप ठेवला होता. तिच्या वक्रात खळगा जवळजवळ उरलेला नाही, रोध पडतो आणि तसाच राहतो. त्यामुळे प्रत्येक सफाईच्या वेळी खळग्याची खोली मोजायची, ती पहिल्या आठवड्यातल्या सरासरीच्या निम्म्याखाली गेली की हिरवा दिवा बंद करायचा, अशी दोन ओळींची आज्ञा लिहिली आहे. आतापर्यंत मी विषबाधा केलेली पट्टी एकच आहे. आणखी पाच वेगवेगळ्या लेपांजवळ ठेवतो आणि वक्र इथेच टाकतो. काका, तुमच्याकडे त्या वेळचा लेप कोणत्या प्रकारचा होता, आंबट वासाचा की बिनवासाचा, एवढे आठवत असल्यास कळवावे.

जुना फिटर

आंबट वासाचा. डबा उघडला तेव्हा तीन आठवड्यांनंतरही शिरक्यासारखा वास येत होता.